चार रविवार, सात कविता आणि एक बंद पाकीट

बडोद्यातल्या काही मराठी वाचनप्रेमींनी श्रावणात कमाटीबागेत एक कविता-फेरी सुरू केली आहे. चार रविवार, माणशी 600 रुपये, गटात जास्तीत जास्त 14 जण. पहिले तीन रविवार बागेत, सकाळी सव्वासहा ते आठ. चौथा दांडिया बाजारातल्या एका हॉलमध्ये, आणि तोही लगेच नाही, मध्ये एक रविवार मोकळा सोडून. पत्रकावर ‘निसर्गाच्या सान्निध्यात काव्यानंद’ असं छापलं आहे. त्यावर जाऊन नाव नोंदवणाऱ्याची जरा फसगत होईल, कारण या फेरीतला सगळ्यात भारी दिवस म्हणजे पंख्याखाली, खिडक्या लावून होणारा तो चौथा.

याचं कारण या कवितांमध्येच आहे. इंग्रज कवी वर्डस्वर्थ आणि त्याची बहीण डोरोथी 15 एप्रिल 1802 रोजी अल्सवॉटर सरोवराच्या काठाने घरी चालले होते, तेव्हा त्यांना डॅफोडिल्सची पिवळी फुलं दिसली. त्यावरची ‘डॅफोडिल्स’ ही कविता लिहिली गेली 1804 मध्ये आणि छापून आली 1807 मध्ये. कवितेच्या शेवटच्या कडव्यात कवी सरोवरापाशी नाहीच. तो घरात कोचावर पडलाय, कधी रिकाम्या डोक्याने, कधी विचारात, आणि फुलं आतल्या डोळ्यापुढे लखकन चमकतात. खरा आनंद तेव्हाचा. प्रत्यक्ष पाहताना मी नुसता बघत राहिलो, या देखाव्याने पदरात काय टाकलं ते कळलंच नव्हतं, असं तो आदल्या कडव्यात कबूल करतो. तेव्हा निसर्गकवितेची फेरी काढणाऱ्याला एका प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं: बागेतलं घरी न्यायचं कसं? या मंडळींनी त्यावर खरोखर डोकं चालवलं आहे. सगळीकडे जमलेलं नाही, पण चालवलं आहे.

पद्धत अशी. कविता वाचण्याआधी दहा मिनिटं गप्प बसायचं, फोन पिशवीत. मग प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढं जाड कार्ड मिळतं. त्यावर तीनच ओळी लिहायच्या: एक रंग किंवा आकार, एक आवाज, एक हालचाल. ‘सुंदर’, ‘प्रसन्न’, ‘मस्त’, ‘अप्रतिम’ हे शब्द बंद. कार्ड पाकिटात, पाकीट डिंकाने चिकटवून संयोजकांच्या हवाली. ते चौथ्या रविवारीच उघडायचं. विशेषणांवरची बंदी सुरुवातीला शाळकरी वाटते, पण कारण पक्कं आहे. ‘सुंदर सकाळ’ असं लिहिलेलं कार्ड तीन आठवड्यांनी उघडलं तर त्यातून काही परत येत नाही. ‘ओल्या फांदीवरून खार उलटी उतरली’ असं लिहिलं असेल तर फांदी, पाऊस, उजेड सगळं मागोमाग येतं. फोनवरच्या बंदीचंही तेच. फोटो काढला की नजर चौकटीपुरती उरते, आणि आवाज त्यात येत नाही. ही बंदी पहिल्या रविवारी पाळली जाते, दुसऱ्यापासून सैल पडते. संयोजक भिडस्त आहेत.

जमायचं काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळच्या दाराशी. तिथे विद्यापीठाच्या कला शाखेच्या घुमटाकडे बोट दाखवून अरविंद घोष बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवत, हे सांगितलं जातं. माहिती खरी आणि प्रसंगाला धरून, पण ती बारा मिनिटं चालते आणि तोवर कोवळं ऊन निघून जातं. हे चौथ्या दिवशी हॉलमध्ये सांगता येईल.

पहिल्या रविवारी इंग्रज कवी कीट्सच्या ‘एन्डिमियन’चा आरंभ. चार सर्गांच्या, चार हजारांहून जास्त ओळींच्या या 1818 च्या काव्यातल्या पहिल्या 24 ओळीच घेतल्या आहेत, आणि तेवढ्याच घ्याव्यात. सीबीएसईच्या बारावीच्या पुस्तकात याचा उतारा असल्याने गटात दोन-तीन विद्यार्थी हमखास असतात. त्यांना ‘अ थिंग ऑफ ब्यूटी इज अ जॉय फॉर एव्हर’ ही पहिली ओळ पाठ असते आणि दुसरीवर ते अडखळतात. अडखळण्याची जागाही ठरलेली. दुसरी ओळ ‘कधीच नाही’ या अर्थाच्या शब्दावर संपते आणि त्याचं क्रियापद तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला आहे. मराठी कानाला ओळीअखेर थांबायची सवय. तिथे थांबलं की वाक्य मोडतं. दोन-दोन ओळींचं यमक आहे म्हणून ते वाजवत वाचलं, तर उतारा पाढ्यासारखा ऐकू येतो. वाचणाऱ्या बाई हे नीट करून दाखवतात: एकदा ओळीप्रमाणे, एकदा विरामचिन्हांप्रमाणे. दुसऱ्या वाचनाला गट सावरून बसतो. चोवीस ओळींना दोन मिनिटं पुरतात, म्हणून दोनदा वाचणं परवडतं.

गटाला दिलेल्या पुस्तिकेतला मराठी अनुवाद मात्र घसरलाय. ‘अ थिंग ऑफ ब्यूटी’चं ‘सुंदर वस्तू’ केलं आहे. वस्तू म्हटलं की दुकान आठवतं. कीट्सची यादी पाहा: सूर्य, चंद्र, मेंढरांवर सावली धरणारी जुनी-नवी झाडं, डॅफोडिल्स, उन्हाळ्यात स्वतःपुरता गारवा करून घेणारे ओढे, रानगुलाबांनी शिंपडलेली झुडपं, आणि त्याच दमात थोर मृतांच्या वाट्याला आलेल्या भव्य गतीची कल्पना, ऐकलेल्या-वाचलेल्या गोष्टी. यातली निम्मी हातात धरता येत नाहीत. ‘जे जे सुंदर’ एवढं साधं चाललं असतं. पुढे ‘अक्षय आनंद’ आहे. शब्द देखणा, पण अक्षय म्हणजे न झिजणारा. कीट्स म्हणतो ते त्याहून जास्त: त्याचं सौंदर्य वाढत जातं. मुद्दल तसंच राहून उपयोग नाही, व्याज हवं. बँक ऑफ बडोदाच्या गावात हे समजवायला वेळ लागू नये.

या दिवसाची जागा मात्र अचूक निवडली आहे. बागेच्या मधून विश्वामित्री जाते. पुलाच्या अलीकडे, वडाखाली, जिथून नदी दिसते पण वास थोडा कमी येतो अशा ठिकाणी सतरंजी टाकतात. पाणी गढूळ, कडेला प्लॅस्टिक अडकलेलं, आणि पात्रात मगरी. कीट्सच्या नितळ ओढ्यांपुढे ही नदी बसवणं म्हणजे वरवर चेष्टाच. पण हा उतारा नितळ ओढ्यांचा नाहीच मुळी. त्याच्या मध्यावर निराशा आहे, मोठ्या मनाच्या माणसांचा दुष्काळ आहे, काळवंडलेले दिवस आणि रोगट, अंधारे रस्ते आहेत. आणि त्या सगळ्याला न जुमानता कुठलातरी सौंदर्याचा आकार मनावरचं सावट दूर करतो, असं म्हटलंय. लिहिणारा वैद्यकीचं शिक्षण घेऊन 1816 मध्ये परवाना मिळवलेला माणूस होता. निरोगीपण आणि शांत श्वास या गोष्टी त्याच्या सुखाच्या यादीत उगाच आलेल्या नाहीत. फुलांच्या घड्याळासमोर बसून हा उतारा वाचला असता तर त्याचा अर्धा अर्थ हरवला असता. शिवाय तिथे सेल्फीवाल्यांची दाटी. संयोजकांना एक सूचना: पुलाच्या कठड्यापलीकडे उतरून पाण्याकडे जाऊ नये, हे आधीच दोनदा स्पष्ट सांगा. पावसाळ्यात काठ निसरडा असतो आणि मगर वर्डस्वर्थ वाचत नाही.

दुसरा रविवार डॅफोडिल्स आणि बालकवींचा ‘श्रावणमास’. बडोद्यात एक सोय आहे. गुजराती पंचांगही मराठीसारखंच अमान्त, म्हणजे अमावास्येला महिना संपवणारं, त्यामुळे दोन्हीकडचा श्रावण एकाच दिवशी लागतो. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या मराठी मंडळींना भोवतालच्या लोकांचा श्रावण पंधरा दिवस आधीच सुरू झालेला दिसतो. तेव्हा कविता आणि आभाळ यांची गाठ इथे सरळ पडते.

डॅफोडिलचं काय करायचं यावर पुस्तिका गोंधळली आहे. एका ठिकाणी नर्गिस, एका ठिकाणी शेवंती. नर्गिस वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्याच कुळातली, पण शायरीत ती डोळ्याची उपमा होऊन बसली आहे, तिचा इथे उपद्रवच होतो. शेवंतीचा तर संबंधच नाही. डॅफोडिल तसंच ठेवावं. कवितेत फुलाच्या जातीपेक्षा दोन गोष्टींना महत्त्व आहे: संख्या आणि वारा. म्हणून वाचनाआधी पिवळ्या फुलांच्या वाफ्यापुढे दहा मिनिटं घालवण्यापेक्षा नदीच्या बाजूच्या उंच गवतापाशी बसवलं असतं, तर वाऱ्याबरोबर सगळा पट्टा एकदम कसा वाकतो ते दिसलं असतं. वाफा हलत नाही. ही या फेरीतली सगळ्यात सहज सुधारता येणारी चूक.

दुसरी अडचण ढगाची, आणि ती कुणी काढलीच नाही. ‘ढगासारखा एकटा’ म्हटलं की आपल्या मनात काही उमटत नाही. आपले ढग कळपाने येतात, पाण्याने जड असतात, कालिदासापासून निरोप नेतात. ते कामावर निघालेले असतात. दऱ्याडोंगरांवरून काही काम नसल्यासारखा तरंगत जाणारा एकुलता ढग श्रावणातल्या बडोद्यात दाखवता येत नाही. एक वाक्य सांगितलं तरी पुरे, पण ते सांगायला हवं. पुस्तिकेतली पानं मात्र योगायोगाने छान पडली आहेत. 24 ओळींची कविता, सहा-सहा ओळींची चार कडवी. तिसरं कडवं पानाच्या तळाशी संपतं आणि चौथ्यासाठी पान उलटावं लागतं. सरोवर आणि कोच यांच्यामधली ती दोन वर्षं जणू तिथेच. हे ठरवून केलं असेल तर शाबास. नसेल तर पुढच्या आवृत्तीत बदलू नका.

‘श्रावणमास’ म्हणताना गट सुटतो, आणि तिथे बाई कमी पडतात. शाळेची चाल सगळ्यांच्या तोंडात आहे आणि तिच्या वेगात कविता धावते. मात्रा मोजून बघा. श्रावणमासी आठ, हर्ष मानसी आठ, हिरवळ दाटे आठ, चोहिकडे सहा. शेवटच्या सहानंतर दोन मात्रांची जागा मोकळी आहे. ती जागा म्हणजे सर थांबून ऊन पडायला लागणारा वेळ. घाईने पुढच्या ओळीत शिरलात की ऊन पडतच नाही. उपाय सोपा: हाताने आठ-आठचा ठेका धरून शेवटच्या दोन मात्रा टाळीविना मोजायच्या. एकदा हे अंगात भिनलं की चाल सोडूनही ओळ उभी राहते. आणखी एक गोष्ट. बडोद्यातल्या मराठी घरांतली आताची मुलं बहुतेक गुजराती किंवा इंग्रजी शाळेत जातात. आजी-आजोबांना पाठ असलेली ही कविता नातवंडांच्या कानावरही आलेली नाही. गटात दोन्ही पिढ्या असतात. आजींना पाठ आहे म्हणून वाचून दाखवायचं टाळलं जातं आणि मुलं नुसती टाळ्या वाजवतात. मुलांसाठी तरी एकदा सावकाश, चालीशिवाय वाचावं.

तिसरा रविवार सगळ्यात कच्चा. वर्डस्वर्थची ‘सॉलिटरी रीपर’ (शेतात एकटीच गात कापणी करणाऱ्या मुलीची कविता) आणि केशवसुतांची ‘सतारीचे बोल’ ही जोडी कागदावर उत्तम आहे. दोन्हीत ऐकलेला आवाज ऐकणाऱ्याबरोबर चालू लागतो. पण वर्डस्वर्थची कविता वाचल्यावर फोनच्या स्पीकरवरून एक स्कॉटिश लोकगीत लावतात, आणि सगळं मुसळ केरात. त्या शेतकरी मुलीची भाषा कवीला कळत नाही. काय गातेय ते कुणी सांगेल का, असं तो विचारतो आणि उत्तर मिळत नाही. सूर मिळाला नाही म्हणूनच तो मनात वाहून नेता येतो. तो वाजवून दाखवला की शिल्लक काय? शिवाय कवी तिथे थांबून ऐकत उभा होता, असं ठामपणे सांगितलं जातं. वर्डस्वर्थ 1803 मध्ये स्कॉटलंडला गेला होता हे खरं, पण कविता 1805 ची, आणि ती सुचली थॉमस विल्किन्सन या मित्राच्या प्रवासवर्णनाच्या हस्तलिखितातल्या एका वाक्यावरून. म्हणजे हा टिकलेला आनंद मुळात वाचनातून आलेला आहे. कमाटीबागेत सतरंजीवर बसून वाचणाऱ्यांसाठी याहून उपयोगी माहिती दुसरी नाही, आणि नेमकी तीच गाळली आहे.

‘सतारीचे बोल’मधलं ‘दिड दा’ गट एकसाथ, तालात, मोठ्याने म्हणतो. पहिल्यांदा ते आवाज येतात तेव्हा ऐकणारा काळोखात, जिवावर उदार झालेला आहे. शेवटी तेच बोल आणि मन शांत. बोल तेच, ऐकणारा बदललेला. सगळीकडे सारख्याच जोशात म्हटले तर हा बदल कळत नाही. आणि 1886 पासून संगीताच्या शिक्षणाची परंपरा असलेल्या या गावात एका रविवारपुरती खरी सतार मिळू नये? विलंबितात एक ‘दिर दा’ छेडून दाखवली तरी अर्धा तास वाचेल.

चौथ्या दिवसासाठी मात्र 600 रुपये वसूल. दांडिया बाजारातला हॉल, बाहेर रिक्षांचे हॉर्न, भिंतीला वेलीचं चित्रसुद्धा नाही. वर्डस्वर्थच्या ‘टिंटर्न ॲबे’च्या 159 ओळींपैकी पहिल्या 65 वाचतात. कवितेच्या शीर्षकातच 13 जुलै 1798 ही तारीख आहे; कवी पाच वर्षांनी वाय नदीच्या काठी परत आलाय. शीर्षकातला मठ कवितेत कुठेच दिसत नाही, हे आधी सांगून टाकतात ते बरं. नाहीतर लोक शेवटपर्यंत मठ शोधत बसतात. मधल्या वर्षांत शहराच्या गोंगाटात, एकट्या खोलीत, थकल्या वेळी या जागेने आपल्याला गोड संवेदना दिल्या, त्या आधी रक्तात आणि मग हृदयात जाणवल्या, असं कवी म्हणतो. आणि आता इथे उभा असताना नुसतं आजचं सुख नाही, या क्षणात पुढच्या वर्षांचं अन्न आहे असंही. पुस्तिकेत इथे ‘शिदोरी’ शब्द वापरलाय. साऱ्या अनुवादात हा एक शब्द हेवा वाटावा असा. हॉर्नच्या आवाजात हा भाग ऐकायची योजना कुणाची होती कोण जाणे, पण ती नेमकी आहे.

मग पाकिटं. पण उघडायच्या आधी कोरं कार्ड मिळतं आणि सात मिनिटांत तिन्ही रविवारच्या नोंदी आठवून लिहायच्या. मग पाकीट फोडायचं, जुनी आणि नवी कार्डं शेजारी ठेवायची, जिथे फरक असेल तिथे गोल करायचा. इथे काय बिघडतं ते ठरलेलं: माणसं पाहिलेलं सोडून वाचलेलं लिहितात. दुसऱ्या रविवारच्या कार्डावर ‘झाडाखाली आजोबा शिंकले’ असतं आणि आठवणीत ‘वाऱ्यावर नाचणारी फुलं’. लोक ओशाळतात, खोडायला लागतात. बाई खोडू देत नाहीत, आणि त्याच वेळी डोरोथीची त्या दिवसाची रोजनिशी सांगतात. तिच्या नोंदीत वारा सोसाट्याचा आहे, आणि काही फुलं दमून दगडांवर डोकं टेकून पडलेली आहेत. भावाच्या कवितेत दगड नाहीत, दमणं नाही, आणि बहीणही नाही. तो म्हणतो मी एकटा होतो. आतल्या डोळ्याबद्दलच्या त्या प्रसिद्ध दोन ओळी तर पत्नी मेरीने सुचवलेल्या. म्हणजे मनात टिकलेलं दृश्य निवडलेलं असतं, उसनं घेतलेलं असतं, आणि तरी ते खोटं नसतं. हा अर्धा तास इतका नेटका आहे की आधीच्या तीन दिवसांच्या चुका माफ कराव्याशा वाटतात.

शेवटी बालकवींची आठ ओळींची ‘औदुंबर’, तीनदा, मध्ये काही न बोलता. तिथे ‘मी’ नाही, ‘नंतर’ नाही, कोच नाही. झरा, पायवाट, डोह, झाड. कवीने स्वतःसाठी काही बांधून घेतलेलं नाही. सगळा टिकाऊपणा चालीत आणि शब्दांच्या बसणीत. इंग्रजी कवितेनंतर ती ठेवल्याने हा फरक आपोआप ऐकू येतो, त्यावर भाष्य केलं नाही हे उत्तम.

किरकोळ तक्रारी. पुस्तिका इंकजेटवर छापलेली आहे आणि श्रावणात बागेत न्यायची आहे. पहिल्याच सरीत शाई फुटते. लेझरवर छापा किंवा प्लॅस्टिकचं पाकीट द्या. सतरंजीवर पाऊण तास बसणं गुडघेदुखीवाल्यांना जमत नाही, दोन घडीच्या खुर्च्या हव्यात. डासांचं मलम स्वतःचं न्या. बडोद्यात बसून बडोद्याचे राजकवी चंद्रशेखर यांची एकही कविता नाही, हे मात्र किरकोळ म्हणवत नाही. फेरीनंतरचा चहा आणि सेवउसळ खर्चात धरलेले नाहीत.

ज्यांना कवितेची ‘माहिती’ हवी त्यांनी जाऊ नये. परीक्षेच्या प्रश्नोत्तरांना यातून फार काही मिळणार नाही. दहा वर्षांखालची मुलं दहा मिनिटांच्या मौनात टिकत नाहीत. एकच दिवस जमणार असेल तर चौथा घेऊ नका, कारण पाकिटाशिवाय तो रिकामा. एखादा दिवस चुकणार असेल तर तिसरा चुकवा.

वर 20 रुपये दिले तर चौथ्या दिवशीचं दुसरं कार्ड संयोजक ठेवून घेतात आणि जानेवारीत टपालाने घरी पाठवतात. पत्ता पिनकोडसह स्वतः लिहायचा, शाईच्या पेनने नको, बॉलपेनने. या सोयीचे गुण सध्या कोरे ठेवले आहेत. ते फेब्रुवारीत भरता येतील.